दहापैकी दहा

माझ्या दोन्ही हातांवर मिळून पाच चामखिळी आहेत. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरच्या दोन तर माझ्या दहावीच्या फॉर्मवरसुद्धा आहेत. 'ओळखीची खूण' या रकान्यात बाबांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'उजव्या तर्जनीवर चामखीळ'. तेव्हा मला भयंकर राग आला होता. वर्गातल्या बाकीच्या मुलींच्या खुणा म्हणजे कपाळावरचा तीळ, हनुवटीवरचा तीळ, निदान चुलीवर भाजल्याचा डाग. माझ्याच नशिबी चामखीळ आली.

माझ्या भावाच्या वाट्याला त्याहून जास्त आल्या. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. चौदा-पंधरा वर्षांचा झाला तसं त्याच्या बोटांवर, मनगटांवर, मानेवर त्या उगवायला लागल्या आणि मग थांबल्याच नाहीत. वाटूरला, म्हणजे आमच्या गावी, चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात. केस घट्ट रुतत जातो, चामखीळ काळी पडते आणि आठ-दहा दिवसांत गळून जाते. वरातीचा घोडा बाळगणारा एक माणूस गावात होता. माय त्याच्याकडून केस मागून आणायची आणि बाबा घरी नसले की भावाच्या हाताला बांधायची. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. दर रविवारी विहारात वंदना तेच घ्यायचे. त्यांच्या मागून अख्खी वस्ती पंचशील म्हणायची. घोड्याचे केस वगैरे त्यांच्या घरात चालण्यासारखं नव्हतं. पण एखादी चामखीळ गळून पडली की तेही हळूच भावाचं बोट उलटंपालटं करून बघायचे. एक गळायची, दोन नव्या यायच्या. "मास्तरच्या घरचा शिक्का हाये त्यो," असं लोक म्हणायचे, आणि आम्हीही त्यांच्याबरोबर हसायचो.

मी आता आष्टीला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. स्वभावानं तापट आहे. मुलं माझ्यामागं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, ते इथं लिहिण्यासारखं नाही. आनुवंशिकतेचा धडा मात्र मी मन लावून शिकवते. वंशावळीचा तक्ता फळ्यावर काढते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याच्यात तो गुण आहे तो आतून काळा करायचा. मग मुलांना आपापल्या घरचा तक्ता करून आणायला सांगते. कानाची पाळी सुटी की चिकटलेली, जीभ गुंडाळता येते की नाही, एवढंच. एका पोरानं शेजाऱ्यांच्या जिभा बघून तक्ता आणला, कारण त्याच्या घरचे सगळे ऊसतोडीला गेले होते. मी त्याला आधी झापलं आणि नंतर दोन दिवस मलाच वाईट वाटत राहिलं. असे तक्ते मी गेली कित्येक वर्षं तपासते आहे. स्वतःच्या घरचा मी कधी काढला नाही.

भाऊ जालन्यात एका बियाणे कंपनीत प्लॉट सुपरवायझर होता. बायकोला घेऊन जुन्या जालन्यात दोन खोल्यांत राहायचा आणि मोटरसायकलवरून जिल्हाभर हिंडायचा. कंपनी शेतकऱ्यांना पायाभूत बियाणं देते, त्याचा प्लॉट लावला जातो, आणि त्यातून तयार होतं ते पुढं पिशव्यांत भरून सगळ्या महाराष्ट्रात जातं. याचं काम म्हणजे प्लॉटमध्ये ओळीओळीनं फिरायचं आणि जातीशी न जुळणारं प्रत्येक झाड उपटून टाकायचं. भेसळ जास्त निघाली की प्लॉट फेल. शेतकरी शिव्या द्यायचे, तो हसून ऐकून घ्यायचा. माझ्या वाट्याचा शांतपणाही त्यालाच मिळाला होता, असं माय म्हणायची.

त्याला ताप यायला लागला तो दिवाळीनंतर. तशी छातीची तक्रार त्याला दर हिवाळ्यात असायचीच. या खेपेला ताप हटेना. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मांड्यांवर न पडता-झडता निळे डाग उठायला लागले. जालन्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि एका शब्दानंही न घाबरवता सांगितलं की आजच संभाजीनगरला जा. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली.

जानेवारीतल्या त्या रिपोर्टच्या दिवशीची खोली मला आजही जशीच्या तशी दिसते. डॉक्टरबाईंसमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर भाऊ, दुसरीवर बाबा. मागच्या बाकावर मी, माझी भावजय आणि भावजयीचे वडील. ते बाबांचे व्याही, जावयाचं ऐकून परभणीकडून तातडीनं आले होते. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, सावकाश बोलत होत्या. म्हणाल्या, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी फार कमी झाल्या आहेत, आणि ज्या उरल्या आहेत त्याही बिघडलेल्या दिसतात. मग त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, "घरात, भावकीत आणखी कुणाला असा रक्ताचा आजार? कुणी तरुणपणी गेलं? कुणाचे पाय सुजायचे?"

बाबा खुर्चीत ताठ झाले.

"न्हाई मॅडम," ते म्हणाले. "आमच्यात कुणालाच कसलंच न्हाई."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. माझं लग्न ठरताना ते मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं, ह्याच शब्दांत, ह्याच आवाजात. आमच्याकडं सोयरिकीच्या बैठकीत कुणीतरी वडीलधारं विचारतंच, घरात काही दुखणंबिखणं? आणि उत्तर ठरलेलं असतं. आतल्या खोलीत माणूस खोकत असला तरी बाहेर तेच उत्तर येतं. त्याला कुणी खोटं बोलणं समजत नाही. पाहुण्यांनी चहाला आधी नको म्हणावं, तितकं ते रिवाजाचं आहे. त्या दिवशी प्रश्न डॉक्टरांनी विचारला होता, पण पाठीमागं व्याही बसले होते. बाबांच्या कानांना तो व्याह्यांनीच विचारल्यासारखा ऐकू आला असणार.

आणि मी? मला काका आठवत होता. बाबांचा धाकटा भाऊ. मी सात वर्षांची असताना तो गेला. नाकातून रक्त यायचं ते थांबायचं नाही. माय पहाटे उठून त्याच्या चादरी हौदावर धुवायची, लोकांनी बघू नये म्हणून. गावात सांगितलं गेलं ते कावीळ झाली असं, आणि पुढं घरातही तेच सांगितलं गेलं. त्याचं नाव आमच्याकडं कुणी घ्यायचं नाही. मला उचलून घ्यायचा तेव्हा त्याचे हात काखेत खरखरीत लागायचे, तेवढं मला नक्की आठवतं. मी बाकावर बसून विचार केला की काकाला तर कावीळ होती, डॉक्टर रक्ताचं विचारताहेत. एवढा विचार करायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात डॉक्टरबाईंनी काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं.

घरी येताना भावानं मला विचारलं, "ताई, त्या मूळपेशी म्हंजी नेमकं काय?"

मी शिकवायला लागले की थांबत नाही. त्याला सांगितलं, रक्तातल्या पेशी फार जगत नाहीत. काही दिवस, काही महिने, मग मरतात. रोजच्या रोज नव्या तयार व्हाव्या लागतात. तांबड्या, पांढऱ्या, रक्त गोठवणाऱ्या, सगळ्या तयार होतात त्या हाडांच्या आत लपलेल्या थोड्याशा मूळपेशींपासून. मूळपेशीचं वैशिष्ट्य हे की ती सगळ्यांना जन्म देते आणि वर स्वतःलाही राखून ठेवते.

"मंग ते पायाभूत बियाणं झालं," तो म्हणाला. "माझं पायाभूत बियाणंच सरून राह्यलंय म्हण की."

इतकं नेमकं उत्तर मला परीक्षेतसुद्धा कधी मिळालं नव्हतं.

उपाय एकच होता. दुसऱ्याच्या मूळपेशी घालायच्या. सख्ख्या भावाबहिणीच्या जुळण्याची शक्यता चारांत एक. हे मी वर्गात शिकवते, त्यामुळे फार आशा धरायची नाही असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. पंधरा दिवसांनी हॉस्पिटलमधून फोन आला. माझ्या आणि भावाच्या पेशींवरच्या दहा खुणा तपासल्या होत्या, दहाच्या दहा जुळल्या. दहापैकी दहा. मी स्टाफरूममध्ये होते. तिथंच टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि मला बघून आमचे गणिताचे सरही घाबरून उठले.

त्या दिवसांसारखे दिवस आमच्या घरानं फार कमी बघितलेत. बाबांनी विहारात वंदना झाल्यावर उभं राहून सांगितलं की माझी लेक आपल्या भावाला जीवदान देऊन राह्यली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आतून बरंही वाटलं. माय वाटूरहून डबे पाठवायची. गूळ-शेंगदाण्याचे लाडू, खजूर, पालकाची भाजी, मेथी, पुन्हा लाडू. मी एकटी खाऊन भावाचं रक्त वाढणार होतं असंच तिला वाटत असावं. माझी मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची, त्यातले अर्धे लाडू शाळेत नेऊन वाटायची.

भावाला मी सांगितलं होतं की माझ्या पेशी एकदा रुजल्या की त्याचं रक्त माझंच होणार. गटही माझा येणार. तपासलं तर ते बाईचं रक्त निघेल.

"ते ठीक हाये," तो म्हणाला. "पर मंग राग बी तुझाच येईल का? बायकोला आत्ताच सांगून ठेवावं लागंल. बिचारी घर सोडून जाईल."

"आलाच तर बरं होईल," मी म्हटलं. "शेतकऱ्यांच्या शिव्या तरी ऐकून घेणार नाहीस."

"न्हाई ताई. एका घरात तू येक बास हायेस. दोन न्हाई परवडत."

मार्चमध्ये मला शेवटच्या तपासण्यांसाठी बोलावलं. बाबा सोबत आले. रक्त काढायला एक बऱ्याच वयाच्या सिस्टर होत्या. त्यांनी माझ्या दंडाला रबर बांधलं, माझी मूठ वळवली आणि सुई हातात घेऊन तशाच थांबल्या.

"तुमच्या भावालाबी अशाच आहेत ना चामखिळी?" त्यांनी विचारलं.

मी हसत म्हटलं, "आमच्या घरचा शिक्का आहे तो."

त्या हसल्या नाहीत. रक्त काढून झाल्यावर मला बसायला सांगून त्या आत गेल्या. थोड्या वेळानं डॉक्टरबाई स्वतः आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात उजेडात धरून बघितले. मग पाय बघायला मागितले. माझा डावा पाय संध्याकाळी घोट्याशी सुजतो. दिवसभर फळ्यासमोर उभं राहून सुजतो, असं मी आणि माझा नवरा दोघंही धरून चाललो होतो. डॉक्टरबाईंनी अंगठ्यानं तो दाबला, खड्डा पडला, तो भरायला लागलेला वेळ त्यांनी बघितला. मग वळून बाबांना विचारलं, "काका, नीट आठवून सांगा. घरात कुणी?"

या वेळी व्याही नव्हते.

"माझा धाकटा भाऊ गेल्ता," बाबा म्हणाले. "रक्त पडून गेल्ता. माझ्या आत्याचा बी पाय सुजलेला असायचा. ती बी लवकर गेली."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी जुना कागद काढून त्यावर लिहिलं आणि माझं आणि भावाचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. रिपोर्ट यायला पाच आठवडे लागले. तोवर सगळं थांबवलं होतं. भावाला रक्त चढवायचं, प्लेटलेट चढवायच्या, ताप आला की ॲडमिट करायचं. मायनं लाडू पाठवणं थांबवलं नाही आणि मलाही ते थांबव म्हणून सांगता येईना.

रिपोर्टमध्ये एका जनुकाचं नाव होतं, गाटा-टू. त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली. भावाची बिघडलेली, माझीही बिघडलेली, एकाच जागी, एकाच अक्षरात. दहापैकी दहा जुळलो होतो, त्यात हे अकरावंही जुळलं. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं आणि मी मान हलवत राहिले, कारण मला ते सगळं समजत होतं. ते समजत होतं याचाच मला त्या क्षणी संताप येत होता.

माणसाच्या प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. डोळ्यात तीच, हाडात तीच. फरक एवढाच की कुठली जागी आहेत आणि कुठली झोपलेली. मूळपेशीत काही मोजकी जनुकं एकमेकांना जागं ठेवण्याचं काम करतात. एक दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, तिसरं फिरून पहिल्याला. त्यांचं जाळं असं चालू राहतं तोवर मूळपेशी मूळपेशी राहते. गाटा-टू हे त्यातलं एक. त्याचा जोर निम्मा झाला की जाळं लगेच तुटत नाही, वर्षानुवर्षं कसंबसं चालतं. मग कुठल्यातरी तापात, कुठल्यातरी वर्षी, पेशींना आपण कोण होतो तेच आठवेनासं होतं. काही सरून जातात, काही भलत्याच वाटेला लागतात. विषाणूंशी लढणाऱ्या पेशी आधीच कमी, म्हणून चामखिळी. लसीका वाहून नेणाऱ्या नळ्यांनाही हेच जनुक लागतं, म्हणून सुजणारे पाय. माझ्या पेशी भावाला दिल्या असत्या तर त्याला त्याचाच आजार नव्यानं दिला असता.

भावाला हे मी वॉर्डात सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

"जागलीला असंच असतंय," तो म्हणाला. "या शेतातून त्या शेतात हाका मारत राह्यचं, म्हंजी कुणी झोपत न्हाई. एकाचा आवाज बसला की मंग हळूहळू सगळेच झोपतात."

बाबांवर मी हॉस्पिटलच्या आवारात, चहाच्या टपरीसमोर, चार लोकांच्या देखत ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला. म्हटलं, दर रविवारी खोटं बोलणार नाही म्हणून शपथ घेता आणि घ्यायला लावता, आणि जिथं खरं बोलायचं तिथं बोलला नाहीत. जानेवारीतच सांगितलं असतं तर माझ्यामागं दोन-तीन महिने गेले नसते, तेव्हाच दुसरीकडं शोधायला लागलो असतो. बाबा चहाचा ग्लास हातात धरून उभे होते.

"व्याही बसले व्हते, बाई," एवढंच ते म्हणाले.

मी वॉर्डात परतले ती धुसफुसतच. भावाला कुणीतरी सांगितलं होतं, किंवा माझ्या तोंडावरूनच त्याला कळलं असेल. तो म्हणाला, "ताई, बाबाला कामून बोलून राह्यलीस? काका गेल्ता ते तुला बी ठाऊक व्हतंच की."

डॉक्टरबाईंना मी नंतर एकदा विचारलं, आधी कळलं असतं तर काही वेगळं झालं असतं का? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. हे शब्द मी किती रात्री उशाला घेतले ते मलाच माहीत. 'झालं असतं' असं म्हणाल्या असत्या तर बाबांना दोष देऊन मोकळी झाले असते, 'झालं नसतं' असं म्हणाल्या असत्या तर स्वतःला माफ केलं असतं.

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. बिघाड बाबांकडून आलेला निघाला. बाबा सत्तरीला आलेत, अंगावर एक चामखीळ नाही, अजून सायकल चालवतात. असं का, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. बाहेरच्या दात्यांच्या याद्यांत कुणी जुळेना. मायचं रक्त स्वच्छ होतं आणि भावाशी निम्मं जुळत होतं. निम्म्यावरही हल्ली करतात, धोका जास्त. तिची साखर आटोक्यात आणायची, भावाच्या छातीतला संसर्ग आटोक्यात आणायचा, मग पुण्याला न्यायचं, असं ठरलं. मग माय लाडू वळणं बंद करून स्वतः कारल्याचा रस प्यायला लागली.

शेवटचं निवांत बोलणं झालं ते मेच्या पहिल्या आठवड्यात. त्याला उठून बसवलं होतं. हातांवरच्या चामखिळी तेवढ्या पूर्वीसारख्या होत्या, बाकी हात राहिले नव्हते. मी त्याच्या बोटांना तेल लावत होते आणि रडू येऊ नये म्हणून कॉलेजातल्या परीक्षांच्या गमती सांगत होते. तो मध्येच म्हणाला, "ताई, प्लॉट फेल गेला की त्या मालाचं काय करतेत म्हाईत हाये का?"

"काय करतात?"

"बाजारात इकतेत. खायला बिलकुल चांगला असतोय त्यो. दाणा तसाच, चव तशीच. निस्ता बियाणं म्हणून चालत न्हाई, येवढंच." थोडं थांबून, दम घेऊन तो म्हणाला, "तू चांगली हायेस. निस्तं बियाणं म्हणून चालली न्हाईस. लई मनावर घेऊ नको."

मी तेल लावत राहिले. त्यानंतर नऊ दिवसांनी छातीतला संसर्ग रक्तात उतरला आणि तो गेला. पुण्याच्या हॉस्पिटलानं दिलेली तारीख अजून बारा दिवस पुढं होती.

पुढच्या वर्गाला मी वंशावळीचा तक्ता शिकवला नाही. धडा वाचून या म्हणून सांगितलं. बाबांनी विहारात वंदना घेणं सोडलं. ते जातात, मागच्या रांगेत बसतात, आणि चौथं, खोटं न बोलण्याचं शील आलं की त्यांचे ओठ हलत नाहीत, असं मायनं मला सांगितलं. माझं त्यांच्याशी बोलणं होतं ते पाणी आलं का, बस मिळाली का, एवढंच.

डॉक्टरबाईंनी मला बजावलं होतं की मुलीची तपासणी करून घ्या, निम्मी निम्मी शक्यता आहे, आणि वेळेवर कळलं तर खूप काही करता येतं. मी हो म्हटलं होतं. आधी तिची परीक्षा होती. मग दिवाळी होती. मग मला वाटलं, हिवाळा जाऊ दे. नवऱ्याला सगळं माहीत होतं, सासूबाईंना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. नात मोठी झाली की तिची सोयरीक बघायची आहे, हे त्या आत्तापासून बोलतात. मी मुलीच्या हातांकडं रोज बघायचे, ती झोपली की बोटं उलगडून बघायचे, आणि तिच्या तपासणीचा कागद पुन्हा कपाटात ठेवून द्यायचे.

जानेवारीत तिला ताप आला. आठ दिवस उतरेना, खोकलाही होता. आम्ही तिला जालन्याला मुलांच्या डॉक्टरांकडं न्यायचं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या मीही येते. वाटूर फाट्यावर बाबा उभे होते, मायनं त्यांना नातीला बघून या म्हणून पाठवलं होतं. ते गाडीत मागं बसले.

डॉक्टरांच्या खोलीत मी मुलीजवळ बसले. सासूबाई माझ्या शेजारी. बाबा दाराजवळ उभे होते, टोपी हातात घेऊन. डॉक्टरांनी तिची छाती तपासली, घसा बघितला. मग तिचा हात हातात घेऊन करंगळीकडं बघितलं. तिथं तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. मला ते माहीत होतं. महिन्यापासून माहीत होतं.

"घरात कुणाला काही मोठं आजारपण? रक्ताचं वगैरे?" डॉक्टरांनी पेन उचलून विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं.

"नाही," मी म्हटलं. "आमच्यात कुणालाच काही नाही."

आवाज माझाच होता. मी खुर्चीत ताठ बसले होते आणि दोन्ही हात मांडीवर होते, चामखिळी झाकून. डॉक्टर लिहायला खाली वाकले.

"लिवू नका, साहेब," दाराजवळून बाबा म्हणाले. ते पुढं आले आणि त्यांनी टेबलावर हात टेकला. "हाये. माझ्यापासून लिवा."

डॉक्टरांनी आधी त्यांच्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. बाबांनी स्वतःचं नाव सांगितलं. मग आपल्या आत्याचं. मग काकाचं नाव घेतलं, जे मी सात वर्षांची असल्यापासून आमच्या घरात ऐकलं नव्हतं. मग माझ्या भावाचं घेतलं, आणि तिथं ते थांबले. माझं नाव मी सांगितलं. मुलगी खुर्चीत पाय हलवत बसली होती. तिचं नाव कुणी सांगायची गरज नव्हती, ते कागदावर सगळ्यात वर आधीच लिहिलेलं होतं.